विश्वाची श्री शिल्लक

गेल्या लक्ष्मीपूजनास आम्ही सर्व कुटुंबीय बेळगुंदीच्या जुन्या घरी जमलो होतो. दुकान बेळगावास हलवून आता दोन पिढ्या झाल्या; तथापि वहीपूजन मूळच्या घरीच करावयाचे, असा वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ आहे. हिशेब आता संगणकात गेले असले, तरी लाल कापडी बांधणीची एक वही अजूनही विकत आणली जाते, तिच्या पहिल्या पानावर 'श्री' काढले जाते, आणि माळ्यावरचे जुन्या वह्यांचे गाठोडे खाली उतरवून त्यांच्यावरही अक्षता पडतात. त्या गाठोड्यातील सर्वांत जुनी वही माझ्या आजोबांच्या भुसारी दुकानाची आहे. तिची आरंभीची पाने वाळवीने खाल्ली आहेत. वाचता येते असे पहिले पान शके १८५३ मधले, आणि त्यावरची पहिली ओळ अशी की, मागील वहीवरून श्री शिल्लक रुपये ४१२, आणे ६, पै ३. ती मागील वही आमच्या घरात कोणीही पाहिलेली नाही.

पूजा आटोपल्यावर माझ्या नातीने एक प्रश्न विचारला. ती बेळगावच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षास आहे आणि लहानपणी रविवारच्या पाठशाळेतही नियमाने जात असे. ती म्हणाली, "आजोबा, पाठशाळेच्या परीक्षेत मी 'लोक अनादि-अनंत आहे' असे लिहिले, तेव्हा मला पूर्ण गुण मिळाले. कॉलेजात 'विश्व १३८० कोटी वर्षांचे आहे' असे लिहिले, तेव्हाही पूर्णच मिळाले. यांतले खोटे मी कोठे लिहिले?" घरातले एक गृहस्थ चटकन म्हणाले, "त्यात काय! दोन वह्या ठेव. एक घरची, एक सरकारची." सगळे हसले. ती मात्र हसली नाही.

दोन वह्या ठेवणे म्हणजे काय, हे आपणा व्यापारी मंडळींस कोणी समजावून सांगावयास नको. दोन वह्या ठेवणारास रात्री स्वस्थ झोप येत नाही, आणि एके दिवशी कोणती खरी हे त्याचे त्यालाच आठवेनासे होते. पैशाच्या व्यवहारात जे आपण मुलांना करू देणार नाही, ते बुद्धीच्या व्यवहारात कर म्हणून सांगणे मला रुचले नाही. तेव्हा त्या रात्री नातीस जे सांगितले, आणि सांगता सांगता मलाच जे नव्याने उमगले, तेच संघाच्या या स्मरणिकेच्या वाचकांपुढे जरा विस्ताराने मांडीत आहे.

प्रथम आपल्या घरचे पाहू. श्रद्धा आणि विज्ञान यांचे भांडण म्हटले की सामान्यतः एक चित्र डोळ्यांपुढे येते. धर्म म्हणतो, ईश्वराने जग निर्माण केले. विज्ञान म्हणते, ते आपोआप घडले. जैन घरात हे चित्र लागूच पडत नाही, कारण आपल्या दर्शनात जगाचा कर्ता कोणी मानलेलाच नाही. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल ही सहा द्रव्ये कोणी घडविली नाहीत व कोणी नाहीशी करू शकत नाही. त्यांचे पर्याय तेवढे पालटतात. सोन्याचे कडे मोडून अंगठी केली म्हणजे कड्याचा व्यय झाला, अंगठीचा उत्पाद झाला आणि सोने ध्रुव राहिले. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य यांचा हा विचार उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात इतक्या थोडक्यात गोवला आहे की सराफाच्या पेढीवर बसणाऱ्यासही तो सहज समजावा.

ईश्वराने सृष्टी रचली या मताचा समाचार घेणारे प्रकरण तर आपल्या कर्नाटकाच्याच मातीत लिहिले गेले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी, नवव्या शतकात, आचार्य जिनसेनांनी आदिपुराणाच्या चौथ्या पर्वात या मताची झाडाझडती घेतली आहे. त्यांच्या युक्तिवादाचा रोख असा. जग नव्हते तेव्हा कर्ता कोठे उभा होता? त्याने माल कोठून आणला? माल आधीच होता म्हणाल, तर तो कोणी केला? आणि कर्ता जर कोणी न करता असू शकतो, तर जगच तसे का असू नये? अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी आपल्या 'कॉसमॉस' या १९८० सालच्या ग्रंथात विश्वाच्या आरंभाविषयीच्या प्रकरणात जिनसेनांचा उतारा दिला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका दिगंबर मुनीचे शब्द एका विज्ञानाच्या पुस्तकात यावेत, ही अभिमानाची गोष्ट खरीच. या अभिमानाने पुढे आपणास कोठे नेले, तेही सांगावयाचे आहे.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती १२०४ साली बांधविली. तिच्या मुखमंडपाच्या छतातून खाली लोंबणाऱ्या कमळाच्या बहात्तर पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन चोविशी, असे आपण मुलांना सांगतो. गेलेल्या चोविशीच्या आधीही चोविशी होती आणि येणाऱ्या चोविशीनंतरही असेल. शिल्पकाराने बहात्तरांवर हात आवरला तो दगडाला मर्यादा होती म्हणून. कालाला आरंभ नाही हा सिद्धांत याहून सुबोध रीतीने दाखविता येईल असे मला वाटत नाही.

आता दुसऱ्या वहीकडे वळू. १९२९ साली एडविन हबल या अमेरिकन ज्योतिर्विदाने दाखवून दिले की, दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर पळत आहेत, आणि जी जितकी दूर तितकी तिची गती अधिक. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे अब्जावधी ताऱ्यांचे समूह. सगळे एकमेकांपासून दूर जात असतील, तर मागे मागे जाता एक वेळ अशी येईल की सर्व माल एकाच गाठोड्यात होता. हा विचार बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र या गणितज्ञाने १९२७ पासूनच मांडण्यास आरंभ केला होता, आणि १९३१ साली त्याने तो 'आद्य अणू' या कल्पनेपर्यंत नेला. १९३१ म्हणजे शके १८५३, आमच्या त्या वाळवी लागलेल्या वहीचे साल. लमेत्र हे नुसते गणितज्ञ नव्हते. ते कॅथलिक धर्मोपदेशक होते.

आरंभ आहे म्हटल्यावर आरंभ करणारा आहे, असे म्हणण्याचा मोह कोणास होणार नाही? १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी रोममध्ये वैज्ञानिकांपुढे भाषण करताना या सिद्धांतात बायबलातील सृष्टिकथेस दुजोरा मिळत असल्याचे सूचित केले. ख्रिस्ती जगतात आनंद झाला. ज्यास सर्वाधिक आनंद व्हावयास हवा होता, तो लमेत्र मात्र अस्वस्थ झाला. त्याचे म्हणणे असे होते की, माझा सिद्धांत हे गणित आहे. ते उद्या चुकीचे ठरू शकते. धर्म त्यावर उभा केलात तर गणिताबरोबर धर्मही खाली येईल. त्याने आपले मत योग्य ठिकाणी पोहोचविले, आणि पुढच्याच वर्षी, १९५२ च्या सप्टेंबरात, रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. मला स्वतःला या सर्व इतिहासात लमेत्रइतका धर्मनिष्ठ मनुष्य दुसरा दिसत नाही.

आता पोपच्या जागी आपण स्वतःस बसवून पाहू, कारण आपल्याबाबतही हेच घडले. आपली कथा मात्र कोल्हापुरात सुरू होते.

१९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म झाला. वडील विष्णुपंत हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्याने बालपण बनारसेत गेले. १९५७ साली ते केंब्रिजला गेले आणि तेथे फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. हॉईल यांस विश्वाचा आरंभ मुळीच मान्य नव्हता. 'बिग बँग' हे नाव त्यांनीच १९४९ साली रेडिओवरील व्याख्यानात योजले, आणि मराठीत आपण महास्फोट म्हणतो तो त्याच नावाचा अनुवाद होय. विरोधकाने ठेवलेले नाव कायम चिकटते, हा अनुभव बाजारपेठेतही नवा नाही.

हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेला स्थिर स्थितीचा सिद्धांत असा. विश्व प्रसरण पावते हे खरे. पण दीर्घिका दूर गेल्याने मोकळ्या झालेल्या जागेत नवे द्रव्य सावकाश निर्माण होत राहते, इतके सावकाश की एका घनमीटर जागेत कोट्यवधी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. त्यामुळे विश्वाचे एकंदर रूप काल होते तसेच आज आहे आणि उद्या राहील. ना आरंभ, ना अंत. त्या वेळी हा सिद्धांत मुळीच दुबळा नव्हता. उलट महास्फोटवाद्यांचीच पंचाईत होती. हबलच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघे, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने भरत. आईपेक्षा लेक वडील असा तो हिशेब झाला. अंतरे मोजण्यातील चूक पुढे सुधारली, तेव्हा कोठे तो मेळ बसला.

१९६१ च्या फेब्रुवारीत मार्टिन राईल यांनी रेडिओ लहरी सोडणाऱ्या दूरस्थ पदार्थांची मोजदाद पुढे ठेवून स्थिर स्थितीचा सिद्धांत खोटा ठरल्याचे सांगितले. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यास उत्तर देण्याचे काम हॉईल यांनी आपल्या तेवीस वर्षेही पूर्ण न झालेल्या शिष्यावर सोपविले, आणि नारळीकरांनी ते पार पाडले. पुढे १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि १९६५ साली भारत सरकारने नारळीकरांस पद्मभूषण दिले.

आपल्या समाजात या काळी काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही, कारण तोच सूर मी पुढे अनेक व्याख्यानांत ऐकला आहे. विश्व अनादि-अनंत आहे असे आपले आचार्य सांगत आले, आणि आता केंब्रिजने ते सिद्ध केले. तेही आपल्या कोल्हापूरच्या माणसाने! तरुणपणी मीही हे वाक्य एका सभेत टाळ्या घेण्यासाठी वापरले होते. आज ते परत घेतो.

ते वाक्य दोन ठिकाणी लंगडे होते. पहिले असे की, ते आपल्या शास्त्रालाच धरून नव्हते. स्थिर स्थितीच्या सिद्धांतात नवे द्रव्य सतत निर्माण होते. आपले शास्त्र म्हणते, एक परमाणू अधिक होत नाही व एक उणा होत नाही. मग तो सिद्धांत आपला कसा? हॉईल आणि नारळीकर यांनी त्यासाठी एका ऊर्जाक्षेत्राची कल्पना केली होती आणि नवे द्रव्य त्या ऊर्जेतून येते असा हिशेब जुळविला होता. म्हणजे तो पर्यायच झाला, असे एखादा पंडित म्हणेलही. कापड ताणून मोजले की वारात बसते. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्यांदा येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९६४ साली अमेरिकेत पेंझियस आणि विल्सन हे दोन संशोधक एका मोठ्या शिंगासारख्या अँटेनावर काम करीत असता त्यांस एक अखंड खरखर ऐकू येऊ लागली. अँटेना कोठेही वळवा, दिवस असो की रात्र, खरखर तीच. आत पारव्यांनी घरटे केले होते. ते काढले, त्यांची विष्ठा स्वच्छ केली, तरीही ती जाईना. अखेर १९६५ साली उलगडा झाला की, हे साऱ्या आकाशातून सारखे येणारे प्रारण आहे आणि त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंश आहे. विश्व एके काळी अतितप्त असून प्रसरणाने निवत गेले असेल, तर अशी ऊब आज शिल्लक असावी, हे आल्फर आणि हरमन यांनी १९४८ सालीच वर्तविले होते. चूल विझून गेली तरी राखेत हात घातला म्हणजे रात्री विस्तव होता हे कळते, तसाच हा पुरावा. त्याबद्दल त्या दोघांस १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लमेत्र १९६६ साली वारले. मृत्यूपूर्वी काही दिवस ही वार्ता त्यांच्या कानी पडली होती.

या एका पुराव्याने स्थिर स्थितीचा पाया खचला. त्याच्या जोडीस दुसरेही आहेत. विश्वातील साध्या द्रव्यापैकी वजनाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे, आणि ताऱ्यांच्या पोटात एवढे हेलियम तयार होणे शक्य नाही; आरंभीच्या तप्त अवस्थेतील गणित मात्र जवळजवळ तेवढाच आकडा देते. अलीकडे, २०२१ साली सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोटानंतर सुमारे ३० कोटी वर्षांनीच असलेल्या दीर्घिका पाहिल्या आहेत, आणि त्या आजच्या दीर्घिकांसारख्या नाहीत. विश्व काल होते तसेच आज नाही, हे आता मानलेच पाहिजे.

नारळीकरांनी तथापि हार मानली नाही. हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ साली सुधारलेला सिद्धांत पुढे आणला. त्यात विश्व आळीपाळीने आकुंचन व प्रसरण पावते. एक आवर्तन सुमारे ४००० ते ५००० कोटी वर्षांचे, आणि त्याखाली एक लाख कोटी वर्षांच्या मापाने चालणारे संथ प्रसरण. बहुसंख्य शास्त्रज्ञांस तो पटला नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तोवर ते अल्पमतातच राहिले आणि प्रश्न विचारीतच राहिले. मतास चिकटून राहणे व पुरावा मागत राहणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात इतक्या शांतपणे नांदलेल्या मी क्वचित पाहिल्या आहेत.

आणि येथे आपला दुसरा मोह उभा राहतो. आकुंचन-प्रसरणाची आवर्तने म्हणजे आपली उत्सर्पिणी आणि अवसर्पिणीच की! हेही मी ऐकले आहे, छापलेले वाचले आहे. पण क्षणभर आपल्याच शास्त्राशी प्रामाणिक राहू. अवसर्पिणी दहा कोडाकोडी सागरोपमांची. सागरोपमाचे माप पल्यावरून, आणि पल्याचे माप योजनभर रुंद व तितक्याच खोल खड्ड्यात ठासून भरलेल्या केसांच्या तुकड्यांपैकी दर शंभर वर्षांनी एक काढण्यावरून सुरू होते. या मापापुढे ५००० कोटी वर्षे म्हणजे पापणी लवण्याइतकाही अवकाश नव्हे. शिवाय अवसर्पिणीत घटते ते मनुष्याचे आयुष्य, उंची आणि सुख. लोकाकाशाचे आकारमान नव्हे. ते तर ३४३ घनराजूंवर स्थिर आहे. तसेच हे चक्र भरत व ऐरावत क्षेत्रांत फिरते, विदेहात नाही. म्हणजे ज्यांनी ही तुलना केली, त्यांनी विज्ञान तर वाकविलेच, पण शास्त्रही पुरते वाचले नाही.

स्वतः नारळीकरांस असल्या तुलनांची हौस नव्हती. प्राचीन ग्रंथांत आधुनिक विज्ञान होतेच, असे म्हणणाऱ्यांकडे ते पुरावा मागत. २००३ सालच्या 'द सायंटिफिक एज' या ग्रंथात त्यांनी हा विषय सविस्तर हाताळला आहे. ज्यांच्या नावाने आपण टाळ्या घेतल्या, त्यांनीच त्या टाळ्या नाकारल्या असत्या.

नातीने येथे मला अडविले. तिचा प्रश्न असा की, मग महास्फोट खरा, आणि पाठशाळेतले 'अनादि' खोटे, असे आपण मान्य केले काय?

त्या वेळी माझी नजर समोरच्या वाळवी लागलेल्या वहीकडे गेली. मी तिला विचारले, आमचे दुकान केव्हा सुरू झाले हे या वहीवरून सांगता येईल काय? ती म्हणाली, नाही. शके १८५३ मध्ये ते चालू होते आणि गल्ल्यात ४१२ रुपये होते एवढेच सांगता येईल. विज्ञानाचेही म्हणणे याहून फार अधिक नाही. आजच्या नोंदींवरून मागे मागे हिशेब काढीत गेले असता १३८० कोटी वर्षांपूर्वी सर्व ज्ञात विश्व अत्यंत दाट व तप्त अवस्थेत होते, येथपर्यंतची पाने वाचता येतात. किंबहुना त्या उष्णतेची जी खूण आज अँटेनात सापडते, ती आरंभानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांची. त्याही मागे हेलियमच्या हिशेबाने पहिल्या काही मिनिटांपर्यंत जाता येते. त्याच्याही पलीकडे, पहिल्या सेकंदाच्या कल्पनातीत सूक्ष्म अंशात, आइन्स्टाइनची समीकरणेच उत्तर देईनाशी होतात. तेथे वाळवी आहे. शून्यातून सर्व काही निर्माण झाले, असे ती वही म्हणत नाही. आणि मागील वहीवरून शिल्लक आली, असेही तिच्यावर लिहिलेले नाही.

त्या खाल्लेल्या पानांवर काय असावे याचे तर्क अर्थात चालू आहेत. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अभय अष्टेकर यांनी २००६ साली सहकाऱ्यांसह केलेल्या गणितात महास्फोटाच्या जागी एक उसळी निघते. म्हणजे आधीचे विश्व आकुंचन पावत आले आणि तेथून उलटले. पुन्हा एक मराठी नाव, पुन्हा आरंभरहित विश्व! परंतु याला अद्याप निरीक्षणाचा आधार मिळालेला नाही. मिळाला, तरी त्याचा हार करून आपण गळ्यात घालू नये, असे मला वाटते. खुद्द १३८० कोटी या आकड्याच्या आसपासही वाद आहेच. विश्वाच्या प्रसरणाची गती दोन निरनिराळ्या रीतींनी मोजली असता एकीने सुमारे ६७ आणि दुसरीने सुमारे ७३ येते, आणि शास्त्रज्ञ तो फरक मोकळेपणाने वहीत मांडतात. ताळेबंद जुळत नसता जुळला म्हणून सही करीत नाहीत.

जे उरते ते अधिक अवघड आहे, आणि पर्युषणाच्या प्रवचनांत त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. अनादित्वाचे ठीक आहे; पण जंबूद्वीपाचे काय? एक लाख योजने व्यासाचे सपाट वर्तुळाकार द्वीप, मध्ये सुमेरू, आणि त्याभोवती फिरणारे दोन सूर्य व दोन चंद्र. आपल्यापैकी पुष्कळांनी हस्तिनापूरची यात्रा केली असेल. १९८५ साली पूर्ण झालेली जंबूद्वीपाची ती रचना आणि तिच्या मधला १०१ फुटांचा सुमेरू पाहून हात आपोआप जोडले जातात. परंतु घरी येऊन तीच मुले मोबाइलवर अवकाशातून घेतलेली पृथ्वीची छायाचित्रे पाहतात. येथे मात्र 'वाळवीने खाल्लेले पान' म्हणून सुटका नाही. येथली पाने वाचता येतात, आणि ती जंबूद्वीपाशी जुळत नाहीत.

या बाबतीत मला वाट दाखविली ती आपल्याच भागातील एका विद्वानाने. सदलग्याचे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक होते. नारळीकरांचा जन्म झाला त्या वर्षी ते त्याच शहरात शिकवीत होते. यतिवृषभ आचार्यांचा 'तिलोयपण्णत्ती' हा लोकरचनेवरील प्राकृत महाग्रंथ त्यांनी डॉ. हिरालाल जैन यांच्यासह संपादित केला. त्याचे दोन भाग १९४३ आणि १९५१ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती या कामास दिली, म्हणून तो ग्रंथ आज आपल्या हाती आहे; मिळवलेल्या पैशाचा असा विनियोग आपल्या लोकांनी आणखी करावा. उपाध्यांनी या ग्रंथापुढे मान लवविली, पण डोळे मिटले नाहीत. हस्तलिखिते ताडून पाहिली, पाठभेद नोंदले, कोणता भाग केव्हाचा असावा याचा शोध घेतला. ग्रंथ पूज्य आहे म्हणूनच त्यात काय आहे आणि ते कोणत्या काळचे आहे हे नीट पाहिले पाहिजे, अशी त्यांची रीत होती.

त्या रीतीने पाहता माझे मत असे झाले आहे, आणि ते मी सौम्य न करता लिहितो. द्वीप-समुद्रांची मापे ही त्या काळच्या विद्वानांनी उपलब्ध साधनांनी केलेली विश्वाची मांडणी आहे. त्यातील गणित थक्क करणारे आहे, पण भूगोल म्हणून ती आज टिकत नाही. जगास मालक नाही, आपल्या कर्माचा हिशेब दुसरा कोणी माफ करीत नाही, आणि किड्यामुंगीचा जीवही आपल्यासारखाच जीव आहे, हा जो गाभा, तो सुमेरूच्या उंचीवर अवलंबून नाही. वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहींस हे वाचून वाईट वाटेल. त्यांची क्षमा मागतो. पण नातीस दुसरी वही ठेव म्हणून सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

रात्री आम्ही गच्चीवर गेलो. अमावास्या, त्यात बेळगुंदीच्या पश्चिमेस डोंगराकडे दिव्यांचा फारसा उजेड नाही. फटाक्यांचा धूर विरल्यावर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसली, पुसट कापसाच्या बोंडाएवढी. तिचा प्रकाश निघून २५ लाख वर्षे झाली. इतर दीर्घिका दूर पळत असता ही मात्र जवळची असल्याने गुरुत्वाकर्षणाने आपल्याकडेच येत आहे, ही माहिती मला नातीने दिली. नारळीकर शाळकरी मुलांस स्वाक्षरी देण्याऐवजी पोस्टकार्डावर प्रश्न पाठवावयास सांगत व त्याचे उत्तर स्वतः लिहून खाली सही करीत, ही आठवण मी सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "मग माझा प्रश्न पाठवायला सहा महिने उशीर झाला."

पुढे डिसेंबरात महाविद्यालयात तिला याच विषयावर दहा मिनिटे बोलावयाचे होते. आजोबांच्या वहीतील त्या पहिल्या पानाचे छायाचित्र तिने पडद्यावर दाखविले आणि महास्फोट समजावून सांगितला. एकाने विचारले, आधीची वही कोठे आहे? तिने सांगितले की माहीत नाही, आमच्या घरातही कोणास माहीत नाही. ही हकीकत पाठशाळेच्या गुरुजींच्या कानी गेली, आणि तेच व्याख्यान पाठशाळेतही व्हावे असा त्यांनी निरोप पाठविला. त्याआधी त्यांस ती वही स्वतः पाहावयाची आहे. येत्या रविवारी ते बेळगुंदीस येणार आहेत. गाठोडे माळ्यावरून काढून ठेवले आहे.